टॅबलेट घेताना आधी काय बघायचं, नंतर काय, आणि काय बघायचंच नाही

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी मला एकाच साच्यातले मेसेज येतात, दोन टॅबलेटचे स्क्रीनशॉट आणि खाली "यातला कुठला घेऊ?". कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी किती एमएएच आणि बँक ऑफरमध्ये किती सुटतात, एवढ्याला गोल करून पाठवलेलं असतं. त्याच्यावर करणार काय असं विचारलं तर उत्तर येतं "सगळंच". मग घेतात, आणि दोन महिन्यांनी परत मेसेज, की मेमरी फुल दाखवतंय, पेन चालत नाही, यूपीआय सुरूच होत नाही.

म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. माझा नियम साधा आहे, जे विकत घेतल्यावर बदलता येत नाही ते आधी बघायचं. कव्हर, चार्जर, हेडफोन, कीबोर्ड कधीही आणता येतात. स्क्रीन, रॅम, आतलं स्टोरेज, सिमचा खण, पेनचा सपोर्ट, अपडेट किती वर्षं मिळणार, यातलं काहीच नंतर पैसे ओतून बदलत नाही. खालचे टप्पे याच क्रमाने करा, उड्या मारू नका.

टप्पा १: दुकान, साइट काही न उघडता कागदावर कामं लिहा

फक्त तीन कामं लिहायची, आणि प्रत्येकापुढे रोजचे तास. "अभ्यास" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. "क्लासची रेकॉर्डेड लेक्चर ३ तास, पीडीएफ वाचणं २ तास, पेनने गणितं सोडवणं १ तास" असं लिहा. आईबाबांसाठी घेत असाल तर "यूट्यूबवर कीर्तन, ई-पेपर, नातवाशी व्हिडिओ कॉल". तिसऱ्या कामानंतर थांबायचं. चौथं-पाचवं काम लिहिलं की बजेट पाच हजारांनी वाढतं आणि ते काम कुणी करत नाही, हे मी बऱ्याच घरात बघितलंय.

आता यादीकडे बघून एक प्रश्न, टॅबलेटच लागतोय का? इंजिनिअरिंगला जाऊन कोडिंग करायचंय, टॅलीत एन्ट्री मारायच्यात, एक्सेलच्या मोठ्या शीट आहेत, तर लॅपटॉप घ्या. टॅबला कीबोर्ड जोडून लॅपटॉप होत नाही, दुकानदार काहीही म्हणू दे. आणि फक्त यूट्यूब बघायचं असेल तर घरातल्या टीव्हीवर ते आधीच चालू आहे.

थांबा: मुलगा किंवा मुलगी ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी प्रवर्गातली असेल आणि सीईटी, जेईई, नीटची तयारी करणार असेल तर आधी महाज्योतीची वेबसाइट बघून घ्या. नागपूरच्या या सरकारी संस्थेने अशा विद्यार्थ्यांना ऑनलाइन कोचिंगसोबत टॅबलेट आणि इंटरनेट डेटा दिलेला आहे. यंदाची जाहिरात आणि निकष तिथेच वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवर नाही.

टप्पा २: स्क्रीन, आणि इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात कारण लोक फक्त इंच बघतात. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप. त्यातून पान केवढं दिसणार ते कळत नाही, त्यासाठी स्क्रीनची रुंदी लागते. मी तुमच्यासाठी हिशोब करून ठेवलाय. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. बाजारातला नेहमीचा ११ इंची अँड्रॉइड टॅब, म्हणजे १६:१० आकाराचा, उभा धरला की स्क्रीनची रुंदी साधारण १४८ मिलिमीटर भरते. म्हणजे पान ७० टक्के आकाराचं दिसतं आणि १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटच्या आसपास येतं, वाचता येतं. पावणेनऊ इंचाच्या छोट्या टॅबवर हीच रुंदी ११३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पान जवळपास अर्धं. मग प्रत्येक ओळीला झूम करा, डावीउजवीकडे सरकवा, आठवड्यात कंटाळा येतो. १०.९ इंची आयपॅड आकड्याने लहान वाटतो पण तो जरा चौकोनी असतो, रुंदी भरते १५८ मिलिमीटर. पीडीएफ हे तुमचं एक नंबरचं काम असेल तर चौकोनी स्क्रीन बरी, सिनेमा एक नंबर असेल तर लांबुडकी.

दुसरी गोष्ट रिझोल्युशन. स्वस्तातल्या १० इंची टॅबवर १२८० बाय ८०० लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात साधारण १५० ठिपके. इंग्रजी त्यावर खपून जातं. आपली देवनागरी नाही खपत, अनुस्वार आणि रफार धूसर होतात, "द्ध" आणि "द्व" सारखेच दिसायला लागतात, आणि स्कॅन केलेली नोट्सची पीडीएफ असेल तर विचारूच नका. ११ इंचाला कमीत कमी १९२० बाय १२०० घ्या, म्हणजे इंचाला २०० च्या वर ठिपके. मराठी माध्यमाच्या मुलासाठी किंवा एमपीएससीवाल्यासाठी घेत असाल तर ही अट सोडायची नाही, बाकी कुठेही पैसे वाचवा.

अमोलेड की एलसीडी, या स्क्रीनच्या प्रकारांवर लोक तासनतास भांडतात. वाचायला आणि लेक्चर बघायला चांगला आयपीएस एलसीडी पुरतो. ९० हर्ट्झ असो की १२० (म्हणजे सेकंदाला स्क्रीनवरचं चित्र किती वेळा बदलतं), स्क्रोल करताना छान वाटतं एवढंच, पेनने लिहिणाऱ्याला मात्र थोडा फायदा होतो. उजेड किती ते बघा, ४०० निट्सच्या आसपास असेल तर घरात, अभ्यासिकेत ठीक. गच्चीवर उन्हात बसून वाचणार असाल तर तेवढ्यात भागत नाही, आरसा होतो त्याचा.

तपासा: टॅबलेट बघायला जाताना पेनड्राइव्हमध्ये किंवा स्वतःच्या मेलवर दोन मराठी पीडीएफ ठेवा, एक ई-बालभारतीवरचं पुस्तक आणि एक हाताने लिहून स्कॅन केलेल्या नोट्स. दुकानातल्या टॅबवर उभं धरून, झूम न करता, एक अख्खं पान वाचून बघा. तिथे जे डोळ्याला खटकतं ते घरी जास्त खटकतं.

टप्पा ३: रॅम आणि स्टोरेज

माझीच गोष्ट सांगतो. वडिलांसाठी सेलमध्ये २ जीबी रॅम, ३२ जीबीचा टॅब घेतला होता, कंपनीचं नाव जाऊ दे. ३२ मधली बरीच जागा सिस्टीमनेच खाल्लेली, मग ॲपच्या अपडेट, मग व्हॉट्सॲपवरचे गुड मॉर्निंग. सहाव्या महिन्यात पेपर उघडायला इतका वेळ लागायचा की बाबा तोवर चहा पिऊन यायचे. शेवटी तो टॅब भावाच्या मुलीकडे कार्टून बघायला गेला आणि तिनेही परत केला.

तेव्हा रॅम ४ जीबी ही खालची पायरी, आणि तीसुद्धा फक्त बघण्या-वाचण्यापुरती. विद्यार्थ्याला ६ किंवा ८ घ्या. "८+८ जीबी" असं लिहिलं असेल तर खरी रॅम ८ च आहे, पुढचे ८ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं. तुलना करताना अधिक चिन्हाच्या आधीचाच आकडा धरा. हा नियम अँड्रॉइडपुरता. ॲपल रॅमचा आकडा जाहिरातीत सहसा मिरवत नाही आणि आयपॅड कमी रॅमवर नीट चालतात, त्यामुळे ते आकडे समोरासमोर ठेवू नका.

स्टोरेज १२८ जीबी घ्या. ६४ वर दोन हजार वाचतात हे खरं, पण तासाभराचं लेक्चर डाउनलोड केलं की क्वालिटीप्रमाणे ३०० एमबीपासून १ जीबीपर्यंत जातं, रोजची तीन लेक्चर धरा आणि महिन्याचा हिशोब तुम्हीच करा. "मेमरी कार्ड टाकू की" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, आयपॅडला कार्डाचा खणच नसतो, आणि अँड्रॉइडवरसुद्धा बरीच क्लासची ॲप्स लेक्चर आतल्याच मेमरीत ठेवतात, कार्डावर जाऊ देत नाहीत. कार्ड फोटो, सिनेमे, सुट्या पीडीएफसाठी. आणि स्पेसिफिकेशनमध्ये स्टोरेजपुढे ईएमएमसी लिहिलंय की यूएफएस ते बघा, यूएफएस वेगवान असतं, ॲप उघडताना, अपडेट होताना फरक हाताला जाणवतो.

टप्पा ४: सिमवाला की फक्त वाय-फाय

इथे अडीच-तीन हजारांपासून पुढे कितीही फरक पडतो, आयपॅडला तर बराच जास्त. त्यामुळे नीट विचार करा.

टॅब घरातच राहणार आणि घरी वाय-फाय असेल तर सिम नको. बाहेर कधीतरी लागला तर फोनचा हॉटस्पॉट चालतो. पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसाचे १० तास बसणारा मुलगा रोज हॉटस्पॉटवर राहिला तर दुपारपर्यंत फोन झोपतो, त्याला सिमवाला घ्या. गावाकडे ब्रॉडबँड नसेल तर तिथेही सिमवाला.

आईबाबांच्या टॅबबाबत एक गोष्ट कुणीच सांगत नाही. यूपीआय सुरू करताना ॲप त्याच डिव्हाइसमधल्या सिमवरून बँकेला एसएमएस पाठवतं. त्यामुळे फक्त वाय-फायवाल्या टॅबवर यूपीआय होत नाही, कितीही खटपट करा. बाबांना लाइटबिल "मोठ्या स्क्रीनवरून" भरायचं असेल तर हे आधीच सांगा, नाहीतर नंतर तुमचं डोकं खातील. माझं खाल्लंय. व्हॉट्सॲप मात्र सिमशिवाय चालतं, फोनला लिंक करून, आयपॅडसाठीसुद्धा मे २०२५ पासून त्याचं वेगळं ॲप आलंय.

थांबा: सिम घालता येतं म्हणजे त्यावरून साधा कॉल लागतोच असं नाही. सेल्युलर आयपॅडवरून नेहमीसारखा नंबर डायल करून कॉल होत नाही, सिम फक्त डेटापुरतं. अँड्रॉइडमध्ये काहींवर होतो, काहींवर नाही. स्पेसिफिकेशनमध्ये "व्हॉइस कॉलिंग" शब्द शोधा. आणि वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, शेतावर नेऊन ई-पीक पाहणी करू असा विचार असेल तर तो मॉडेल बाद.

टप्पा ५: पेन

तुमच्या यादीत लिहिणं नसेल तर हा टप्पा सोडून द्या.

असेल तर लक्षात ठेवा, दोनशे-तीनशे रुपयांचा रबरी टोकाचा पेन कुठल्याही स्क्रीनवर चालतो पण तो म्हणजे फक्त बोटाला लावलेली काठी. तळहात टेकला की रेघा उमटतात, गणित सोडवताना हात हवेत धरून किती वेळ लिहिणार? लिहायला तो पेन लागतो जो टॅबच्या स्क्रीनशी बोलतो, ज्याला तळहात कळतो आणि दाब कळतो. आणि हा पेन मॉडेलनुसार ठरलेला असतो. एकाच कंपनीच्या स्वस्त टॅबवर चालत नाही, महागावर चालतो, असं सर्रास आहे. सॅमसंगच्या एस सिरीजमध्ये पेन बॉक्समध्येच मिळतो, ए सिरीजच्या टॅब ए९ वर तो पेन चालतच नाही. ॲपल पेन्सिलचेही प्रकार आहेत, टाइप-सी वाल्या स्वस्त पेन्सिलला दाब कळत नाही. नोट्सला ठीक, चित्रकलेला नाही.

बॉक्समध्ये पेन नसेल तर त्याची किंमत आत्ताच कागदावर टॅबच्या किमतीखाली लिहा.

टप्पा ६: अपडेट आणि व्हिडिओचा परवाना

कंटाळवाणं प्रकरण आहे पण पाच मिनिटं द्या.

टॅब लोक चार-पाच वर्षं वापरतात, फोनपेक्षा जास्त. त्यामुळे तो बाजारात कधी आला आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार हे दोन्ही बघायचं, कारण अपडेटची वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये "४५ टक्के सूट" दिसते तो कित्येकदा तीन वर्षं जुना मॉडेल असतो. दिसायला नवाकोरा, पण आयुष्य अर्धं संपलेलं. ज्या कंपनीने अपडेटची वर्षं कुठेच लिहिलेली नाहीत तिथे शून्य धरून चाला.

व्हिडिओसाठी वाइडवाइन नावाची भानगड आहे, म्हणजे व्हिडिओची चोरी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, तिच्यात एल१ आणि एल३ अशा पायऱ्या. एल१ नसेल तर नेटफ्लिक्ससारखी ॲप्स ४८० च्या क्वालिटीवरच अडकतात, मग स्क्रीन टू-के असली तरी चित्र कोमटच. यूट्यूबला आणि क्लासच्या बऱ्याच ॲप्सना याने फरक पडत नाही. आणि तुमच्या क्लासचं ॲप आयपॅडवर आहे का तेही बघा. काहींचं फक्त अँड्रॉइडवर असतं. फी भरून, आयपॅड घेऊन, मग हे कळलेली मंडळी मला माहीत आहेत.

बघायचंच नाही ते

मागचा कॅमेरा. टॅबने फोटो काढणारा माणूस फक्त शाळेच्या गॅदरिंगला पुढच्या रांगेत दिसतो, आणि मागचे सगळे त्याला शिव्या घालतात. कागद स्कॅन करण्यापुरता ८ मेगापिक्सेल पुरतो. पुढचा कॅमेरा मात्र कुठे बसवलाय ते बघा, टॅब आडवा धरल्यावर तो वरच्या मधोमध यायला हवा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर तुम्ही कायम बाजूला बघताय असं दिसतं. "ऑक्टाकोअर" हा शब्दही सोडा, आठ कोअर स्वस्तातही असतात. एमएएच एकटा बघून उपयोग नाही, सोबत चार्जर किती वॉटचा ते बघा. ८००० एमएएचचा टॅब १० वॉटच्या चार्जरवर भरायला चार तास तरी घेतो.

टप्पा ७: पूर्ण किंमत काढा

आता कुठे किंमत. टॅब, अधिक कडक कव्हर, अधिक टेम्पर्ड ग्लास, अधिक पेन, अधिक चार्जर (काही कंपन्या बॉक्समध्ये देतच नाहीत), सिमवाला असेल तर रिचार्ज. या बेरजेवर तुलना करा. १८ हजारांचा टॅब आणि ६ हजारांचा पेन हे २४ हजार झाले, आणि तिथे कदाचित पेनसकट मिळणारा चांगला मॉडेल बसलेला असतो.

नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे अगदी शून्य नव्हे. व्याजाएवढी सूट देतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते. रक्कम छोटी असते, पण माहीत असावी.

परदेशातून कुणी आणून देत असेल तर त्या कंपनीची वॉरंटी इथे चालते का ते आधी विचारा, "चालते बहुतेक" हे उत्तर नाही.

टप्पा ८: हातात घेऊन तपासणी

ऑनलाइन घेणार असलात तरी एकदा दुकानात जा. डिस्प्लेला ठेवलेला टॅब बहुतेक डेमो मोडवर असतो, तोच तोच व्हिडिओ फिरत असतो, त्यातून काही कळत नाही. होम स्क्रीनवर आणायला सांगा आणि क्रमाने हे करा:

१. तुमच्या दोन्ही मराठी पीडीएफ उघडा आणि उभं धरून वाचा.
२. एका हातात पाच मिनिटं धरा, घड्याळ लावून. अर्ध्या किलोचा टॅब पहिल्या मिनिटाला हलका वाटतो.
३. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा, सिस्टीमने किती खाल्लंय आणि किती रिकामं ते बघा.
४. सेटिंगमध्येच सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. वर्षभर जुनी असेल तर विचारा का.
५. चार ॲप उघडून पहिल्यावर परत या, ते ॲप पहिल्यापासून लोड होतंय का?
६. आवाज पूर्ण वाढवून कुणाचं तरी बोलणं ऐका, गाणं नको. लेक्चरला आवाज स्पष्ट हवा, धडधड नको.
७. कीबोर्ड मराठी करून एक वाक्य टाइप करा. जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, बोटाने मराठी लिहायची सोयही आहे, आजी-आजोबांना ती फार आवडते.

सेकंडहँड घेताय तर आणखी एक. विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं अकाउंट काढून फॅक्टरी रीसेट करायला लावा आणि पुढचं सेटअप तुमच्या अकाउंटने पूर्ण होईपर्यंत पैसे देऊ नका. जुनं अकाउंट अडकलेलं असेल तर टॅबची थाळी होते, जेवायलासुद्धा उपयोग नाही. सिमवाला असेल तर आयएमईआय, म्हणजे त्या डिव्हाइसचा ओळख नंबर तपासा, इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करायचा.

टप्पा ९: पहिला आठवडा

ऑनलाइन मागवला असेल तर पाकीट फोडण्याआधी व्हिडिओ चालू करा, सील, सिरीयल नंबर, स्क्रीन चालू होईपर्यंत न थांबवता. बिलावर सिरीयल नंबर आहे का बघा, दुकानातून घेतला असेल तर लिहून घ्या.

मग परत करायची किंवा बदलून घ्यायची मुदत किती दिवस ते वाचा आणि त्या मुदतीतच टॅबला राबवून घ्या. इथे लोक उलटं करतात, "मुहूर्तावर देऊ" म्हणून पॅक ठेवतात आणि मुदत कपाटात संपते. पहिल्या दिवशी सगळे अपडेट, मग पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा फोटो लावून स्क्रीनवर डाग किंवा मेलेले ठिपके आहेत का ते. दुसऱ्या दिवशी सलग तीन तास लेक्चर लावून ठेवा, मागे किती तापतो आणि बॅटरी किती टक्के उतरते ते कागदावर लिहा. दोन्ही बाजूंचे स्पीकर, दोन्ही कॅमेरे, चार्जिंगची पिन सैल आहे का, वाय-फाय बाथरूमशेजारच्या त्या कोपऱ्यात मिळतं का जिथे तुमचा फोनही रडतो. मुलासाठी असेल तर गूगलचं फॅमिली लिंक, म्हणजे मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायचं ॲप, याच आठवड्यात बसवा, महिनाभराने बसवायला गेलात तर घरात महाभारत होतं.

काही खटकलं तर मुदत संपायच्या दोन दिवस आधी तक्रार टाका, शेवटच्या दिवशी नाही, कारण शेवटच्या दिवशी हटकून रविवार असतो.